कण्हण्याचं माप

अप्पा बळवंत चौकातून तांबड्या जोगेश्वरीकडे निघालात की पुस्तकांच्या दुकानांकडे बघू नका. बघितलंत तर तिथेच रेंगाळाल, आणि तुम्हाला तर जवळजवळ दीडशे वर्षं मागे जायचंय. चालत राहा. आधी दुचाक्या विरळ होतात, मग डोक्यावरच्या तारा नाहीशा होतात, मग पायाखालचं डांबर. शेणाचा आणि जळणाचा वास नाकात शिरतो. बुधवार वाड्याच्या जागी काळवंडलेल्या भिंती दिसल्या की समजायचं, १८८० साल लागलं. वाडा जळून जेमतेम वर्ष झालंय.

तुळशीबागेच्या अंगाला असलेल्या एका कासाराच्या घरात तुम्ही शिरता. बाळंतिणीच्या खोलीत परक्याला मज्जाव, पण तुम्ही कोणाला दिसत नाही. काळात मागे जाणाऱ्याला एवढी सवलत असतेच. खोलीत अंधार आहे. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्यात. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी दिलेली. तुम्हाला ठसका लागतो. बाळाला लागत नाही, कारण खोकण्याइतकं बळच त्याच्यात नाही. कापसात गुंडाळलेलं, मूठभर. दर श्वासाला बरगड्यांच्या मधे खळगे पडतायत, नाकपुड्या फुलतायत. आणि श्वास सोडताना एक बारीक आवाज: ऊं... ऊं... ऊं.

"कण्हतंय," सुईण म्हणते.

"आठव्याचं आहे," आजी म्हणते. "सातव्याचं तगतं, आठव्याचं नाही."

आजींचं म्हणणं चूक आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुफ्फुसाच्या फायद्याचाच असतो. पण सुईणीचं मात्र अगदी बरोबर आहे. या खोलीतली सगळ्यात मोलाची माहिती तिने एका शब्दात सांगितली. तिला त्या शब्दाचं पुढे काय करायचं ते माहीत नाही, एवढंच.

बाळ दुखतं म्हणून कण्हत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसातल्या फुग्यांना आतून एक स्निग्ध द्रव्य माखलेलं असतं, ज्याला डॉक्टर सरफॅक्टंट म्हणतात. ते असलं की श्वास सोडल्यावरही फुगे थोडे उघडे राहतात. लवकर जन्मलेल्या बाळात ते पुरेसं नसतं. मग ओली छत्री तशीच मिटून ठेवली की तिचे पडदे एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा उघडताना जोर लावावा लागतो, तसं दर श्वासाला होतं. यावर बाळ स्वतःच उपाय शोधतं. श्वास सोडताना ते स्वरयंत्र अर्धवट मिटतं, थोडी हवा आत कोंडून धरतं, म्हणजे छत्री पूर्ण मिटत नाही. त्या अर्धवट मिटलेल्या दारातून निसटणाऱ्या हवेचा आवाज म्हणजे ते कण्हणं. आज ज्याला व्हेंटिलेटरवर 'पीप' म्हणतात, श्वासाच्या शेवटी उरणारा दाब, तो हे पोर १८८० साली स्वतःच्या गळ्याने लावतंय. किती लावायचा तेही त्याचं तेच ठरवतंय.

ससून रुग्णालय उभं राहून तेरा वर्षं झाली आहेत, पण तिकडे न्यायचं कोणाच्या मनात येत नाही. नेलं असतं तरी डॉक्टरने छातीला नळी लावून ऐकलं असतं, मान हलवली असती. तिसऱ्या दिवशी पहाटे कण्हणं थांबतं. घरातल्यांना वाटतं, आराम पडला. बाळ दमलंय, हे तुम्हाला कळतं. त्यांना दुपारी कळतं.

याच वर्षी पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या दोन भावांच्या लक्षात आलंय की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विजेचा भार तयार होतो. ही बातमी बुधवार पेठेपर्यंत यायला फार वेळ लागणार आहे, पण येईल तेव्हा पेठेतल्याच एका गल्लीत ढिगाने विकायला असेल.

पुढे चला. वाटेत १८९७ लागलं तर मान खाली घालून निघून जा. प्लेगचे रोगी हुडकायला गोरे शिपाई माजघरापर्यंत घुसतायत. दोनच वर्षांपूर्वी, १८९५च्या नोव्हेंबरात, जर्मनीत राँटगेनला हाडांचं चित्र घेणारे किरण सापडलेत. माणसाला न उघडता आतलं बघायची सोय जगात आलीये. पुण्यात अजून आतलं बघायचं म्हणजे दार फोडायचं.

१९६३, ऑगस्ट. श्रावणातला पाऊस. पानशेतच्या पुराला दोन वर्षं झाली तरी नदीकाठच्या पेठांत गप्पांचा विषय तोच. पेठेतलं एक बाळ टांग्यातून रुग्णालयात नेलंय, तुम्ही टांग्यामागून चालताय. दोन किलोचं, चांगलं पाच आठवडे आधी आलेलं. तोच आवाज: ऊं... ऊं... आता त्याला इंग्रजी नाव मिळालंय. बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिलंय की ही बाळं जातात ती त्या स्निग्ध द्रव्याच्या अभावी. कारण कळलं, पण द्रव्य कुठून आणायचं ते कळलेलं नाही. वॉर्डात ऑक्सिजनचं नळकांडं आहे, पण डॉक्टर जपून सोडतात. चाळीस-पन्नासच्या दशकांत जगभर हजारो अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टी गेली, ती जास्त ऑक्सिजनने, हे नुकतंच सिद्ध झालंय. म्हणून पुस्तकं सांगतात, चाळीस टक्क्यांच्या वर नको. डोळे वाचतात, फुफ्फुसाला कमी पडतं.

डॉक्टरांकडे मोजायला काय आहे? बाळाचा रंग, श्वासांची संख्या, खळगे, कण्हणं. सुईणीकडे होतं तेच. फक्त आता ते कागदावर लिहिलं जातंय.

याच आठवड्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनाही मुलगा झालाय. पॅट्रिक केनेडी, ७ ऑगस्टचा जन्म, साडेपाच आठवडे आधी, वजन दोन किलोच्या किंचित वर. त्याला बॉस्टनला नेऊन एका मोठ्या पोलादी कोठीत ठेवलं, जिच्यात सगळ्या बाजूंनी दाबाखालचा ऑक्सिजन भरलेला. ९ ऑगस्टच्या पहाटे तो गेला. जगातल्या सर्वात ताकदवान माणसाचं बाळ आणि बुधवार पेठेतल्या दुकानदाराचं बाळ एकाच आजारापुढे एकाच रांगेत उभी. पण त्या कोठीची गोष्ट मला जास्त लक्षात राहते, कारण तिच्या कर्त्यांना दाब हवा हे बरोबर सुचलं होतं. फक्त त्यांनी तो सगळ्या बाळाभोवती लावला. हवा होता फुफ्फुसाच्या आत, श्वास सुटताना. बाळ तर ते ओरडून सांगत होतं.

पाच वर्षांनी केपटाऊनच्या डॉक्टरांनी ते ऐकलं. कण्हणाऱ्या बाळाच्या घशात नळी घातली की कण्हता येत नाही, आणि लगेच रक्तातला ऑक्सिजन घसरतो. नळी काढली, बाळ पुन्हा कण्हू लागलं की सुधारतो, असं त्यांनी १९६८ साली नोंदवलं. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी बाळाचं काम यंत्रावर सोपवलं: श्वास बाळानेच घ्यायचा, मशीनने फक्त सतत थोडा दाब धरून ठेवायचा. त्यालाच सीपॅप म्हणतात. नळीचं दुसरं टोक पाण्यात सहा सेंटिमीटर बुडवलं की सहा सेंटिमीटरचा दाब, इतकं साधं. आजही महाराष्ट्रातल्या अनेक नवजात विभागांत शेजारच्या बाटलीतून बुडबुडे येताना दिसतील.

साधं, पण एक अडचण घेऊन आलेलं. बाळ कण्हत होतं तेव्हा दाब किती हे ते ठरवत होतं. आता डॉक्टरने ठरवायचा. पाच? सहा? आठ? कमी पडला तर फुगे मिटतात, जास्त झाला तर ताणतात, कधी फाटतात, हवा छातीत सांडते आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. आणि बघायला काय, तर पुन्हा रंग आणि खळगे.

१९८८. आता तुम्ही रास्ता पेठेपर्यंत चालत आलाय, केईएम रुग्णालयाच्या दारात. बानू कोयाजींनी वाढवलेलं हे रुग्णालय. इथल्या नवजात अतिदक्षता विभागातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. अशी चिकाटी आपल्याकडे दुर्मीळ. बाळ जगलं की आपण पेढे वाटतो आणि फाइल बंद करतो. ते पुढे शाळेत कसं चाललं, चष्मा लागला का, गणित जमतं का, हे पुण्यातल्या काही लोकांनी विचारलं.

पण आज रात्री तुम्हाला बघायचाय एक्स-रे. केईएमचाच असं नाही, त्या काळातल्या कोणत्याही अतिदक्षता विभागातला. व्हेंटिलेटरवरच्या बाळाचा ऑक्सिजन अचानक घसरला. नळी सरकून उजव्या बाजूला गेली? फुफ्फुस फाटलं? की नुसतंच मिटलं? निवासी डॉक्टर दिवे घालवायला सांगतो आणि बाळाच्या छातीला थंड प्रकाशाची दांडी टेकवतो. हवा सांडली असेल तर ती बाजू लालसर उजळते. उजळत नाही. मग एक्स-रे. तंत्रज्ञ चाकांचं मशीन ढकलत आणतो, सिस्टर बाळाच्या पाठीखाली गार पाटी सरकवते, नळी धरून ठेवते, बाकीचे बाजूला होतात. क्लिक. पाटी अंधाऱ्या खोलीत, फिल्म पाण्यात, मग वाळत. तुम्ही चहा घेऊन येता तरी ती ओलीच असते. अखेर फिल्म खिडकीला धरली जाते. ती तासाभरापूर्वीच्या छातीची आहे. मधल्या वेळात डॉक्टरने दाब दोनदा बदललाय. बदल फळला का, हे बघायला पुन्हा पाटी.

याच वर्षी महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडली, जिचा या बाळाशी काही संबंध असेल असं १९८८ साली कोणाच्याच डोक्यात आलं नसतं. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा विधिमंडळाने केला. तो लक्षात ठेवा.

परत बुधवारात या. दगडूशेठच्या दर्शनाची रांग चुकवा, समोर भिडे वाड्याची जागा दिसेल: १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे काढली, आणि २०२३च्या डिसेंबरात स्मारकासाठी वाडा पाडला. बुधवार पेठ म्हटलं की बाहेरगावच्या माणसाच्या ओठांवर एक विशिष्ट हसू येतं. त्याला एकच गल्ली माहीत असते. तुम्ही तपकीर गल्लीत वळा. वायरींची भेंडोळी, एलईडीच्या माळा, रेझिस्टर किलोवर मिळतील की काय असं वाटावं असा पसारा. एखाद्या दुकानात बझरची पितळी चकती मागा. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, वर पांढऱ्या सिरॅमिकचा पातळ थर. दुकानदार खुशीत असेल तर तिच्या दोन वायरींना बारीक एलईडी लावून चकतीवर टिचकी मारून दाखवेल. दिवा लुकलुकतो. बॅटरी नाही, काही नाही. क्युरी बंधूंची बातमी पोहोचली.

उलटं केलं, म्हणजे चकतीला वीज दिली, तर ती थरथरते. थरथर इतकी जलद केली की कानाला ऐकू येत नाही, आणि परतणारा प्रतिध्वनी त्याच चकतीने पकडला, की झाली सोनोग्राफी. रुग्णालयातल्या प्रोबमध्ये असे शेकडो बारीक तुकडे एका ओळीत बसवलेले असतात. तत्त्व मात्र वडापावच्या भावात मिळणाऱ्या या चकतीचंच.

सोनोग्राफीचा आणि फुफ्फुसाचा मात्र कित्येक वर्षं छत्तीसचा आकडा. ध्वनी हवेला आदळून परत येतो, हवेच्या पलीकडचं काही दिसत नाही. फुफ्फुस म्हणजे हवाच हवा. पुस्तकात सरळ लिहिलेलं असायचं, छातीत हे चालत नाही. पॅरिसच्या अतिदक्षता विभागात काम करणारे डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी नव्वदच्या दशकात हट्टाने उलट बाजू धरली. चित्र मिळत नाही हे खरं, पण मशीन जो कचरा दाखवतं तो निरोगी आणि आजारी फुफ्फुसात वेगवेगळा असतो. मग कचराच वाचायला शिकू. वैद्यकातल्या मला आवडणाऱ्या कल्पनांमध्ये ही फार वर आहे, कारण हिच्यासाठी नवं यंत्र लागलं नाही. फक्त इतकी वर्षं टाकून दिलेली गोष्ट कोणीतरी नीट बघितली.

आता आजची रात्र. पेठेतलंच एक लहानसं रुग्णालय. नाव विचारू नका. दुसऱ्या मजल्यावर नवजात विभाग, बाहेर चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, घड्याळ काढून ठेवायचं. तुळशीबागेत बांगड्यांची गाडी लावणाऱ्या घरातली मुलगी काल इथे आलीये. सत्तावीस आठवडे, नऊशे ग्रॅम. ती कण्हत नाही, कारण घशात नळी आहे. तिचा आवाज आपण काढून घेतलाय, तेव्हा तिला काय म्हणायचंय ते दुसऱ्या वाटेने विचारणं भाग आहे.

व्हेंटिलेटरच्या पडद्यावर आकडे. दर श्वासाला तिच्या छातीत साधारण साडेचार मिलिलीटर हवा जातेय. चहाचा छोटा चमचा पाच मिलीचा असतो. त्याहून थोडी कमी. पीप पाच. ऑक्सिजन मघा तीस टक्के लागत होता, आता पंचेचाळीस, तरी रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वदला टेकत नाही. १९८८च्या डॉक्टरपुढे होते तेच प्रश्न.

"मॅडम, पोर्टेबल एक्स-रे बोलावू?" सिस्टर विचारतात.

"थांबा, आधी मीच बघते."

डॉक्टर मशीन जवळ ओढतात. पेटीएवढं. प्रोब हॉकीच्या काठीसारख्या वाकड्या तोंडाचा, टोक बोटाच्या पेराएवढं, कारण नऊशे ग्रॅमच्या छातीवर मोठा मावतच नाही. जेल कोमट करून ठेवलेलं; थंड थेंबानेही या वजनाच्या बाळाचं तापमान उतरतं. काचेच्या पेटीचं गोल दार उघडून हात आत जातो. बाळाला उचललं नाही, हलवलं नाही. उजवीकडे वर, उजवीकडे खाली, मग काखेच्या रेषेत बाजूला, तसंच डावीकडे. सहा जागा. तुम्ही पडद्याकडे बघा.

दोन बरगड्यांच्या सावल्यांमधे एक लख्ख आडवी पांढरी रेघ आहे. ती श्वासाबरोबर इकडून तिकडे सरकतेय. दोन्ही बाजूंना सरकतेय, म्हणजे फुफ्फुस छातीला लागूनच आहे, मधे हवा सांडलेली नाही. आणि दोन्हीकडे हवा पोहोचतेय, नळी एका बाजूला घसरलेली नाही. दोन प्रश्न मिनिटभरात निकालात निघाले. आता तिसरा. निरोगी फुफ्फुसात त्या रेघेखाली तिच्याच आडव्या प्रतिमा ठरावीक अंतराने दिसतात, बाकी काळोख. इथे वरच्या भागात रेघेपासून खाली उभे पांढरे पट्टे उतरलेत, काही ठिकाणी एकमेकांत मिसळून सगळंच पांढरं झालंय. बाजूला, पाठीकडे तर आणखी वेगळं: रेघ तुटक, खाली यकृतासारखा भरीव करडा तुकडा. तिथे हवाच नाही. फुगे मिटलेत.

प्रत्येक जागेला शून्य ते तीन गुण. काळोख आणि आडव्या रेघा, शून्य. सुटे पट्टे, एक. सगळं पांढरं, दोन. भरीव, तीन. सहा जागांचे जास्तीत जास्त अठरा. ही मोजणी २०१५ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नवजात बाळांसाठी मांडली, आणि कोणत्या बाळाला सरफॅक्टंट द्यायचं हे ओळखायला ती इतकी कामाला आली की २०२०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही तिला जागा मिळाली. या मुलीला सरफॅक्टंट कालच दिलंय. आज तिचे गुण बारा.

"मिटलंय मागचं," डॉक्टर म्हणतात. "सहा करा."

सिस्टर बटण फिरवतात. काही मिनिटं जाऊ देतात. प्रोब त्याच जागी. करड्या तुकड्यात बारीक पांढरे ठिपके चमकू लागलेत. हवा आत शिरतेय. "सात." पुन्हा थांबायचं. इथे घाई नडते. मिटलेली फुफ्फुसं एका जोराच्या, लांब दाबाने उघडावीत, हा विचार मोहक आहे, आणि तो तपासून झालाय: अगदी लहान बाळांवरची सेल नावाची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, ती मधेच थांबवावी लागली होती, कारण लांब दाब दिलेल्या गटात पहिल्या दोन दिवसांतले मृत्यू जास्त निघाले. म्हणून एकेक सेंटिमीटर. सातवर बाजूचा तुकडा भरीव राहिलेला नाही, पट्ट्यांवर आलाय. वरच्या भागात आडव्या रेघा दिसतायत. ऑक्सिजन पंचेचाळीसवरून छत्तीस, मग एकतीस. कोणी टाळ्या वाजवत नाही. शेजारच्या बाळाचा अलार्म वाजतोय.

"आठ करायचा का?" निवासी डॉक्टर मुलगा विचारतो. त्याला गुण आणखी खाली आणायचेत. परीक्षेतून आलेला आहे, सवय जात नाही.

"आणि जास्त फुगलं तर तुला यात दिसेल?"

तो गप्प बसतो. दिसणार नाही. हीच या तंत्राची उणी बाजू. मिटलेलं फुफ्फुस सोनोग्राफी छान दाखवते, पण नीट फुगलेलं आणि गरजेपेक्षा जास्त ताणलेलं, दोन्ही तिला जवळपास सारखीच दिसतात: काळोख आणि आडव्या रेघा. म्हणून डॉक्टर रक्तदाब बघतात, पोट वर आलंय का बघतात, सकाळच्या एक्स-रेत छातीचा पडदा किती खाली ढकललाय ते बघतील. एक्स-रे निवृत्त झालेला नाही. रात्रीच्या फेऱ्या त्याच्याकडून काढून घेतल्यात, इतकंच. सरफॅक्टंटसाठी या गुणांचा पुरावा भक्कम आहे. दाब ठरवण्यासाठी मात्र अजून लहान लहान अभ्यासांवरच भिस्त आहे, आणि शहाणा डॉक्टर हे विसरत नाही.

ताणलेलं दाखवणारी एक वस्तू जगात आहे. शेफील्डमध्ये ब्राऊन आणि बार्बर यांनी ऐंशीच्या दशकात तिचा पाया घातला. छातीभोवती इलेक्ट्रोड लावलेला पट्टा बांधायचा, त्यातून जाणवणारही नाही इतका बारीक विद्युतप्रवाह सोडायचा. हवा विजेला अडवते, रक्त-मांस वाट देतं. पट्ट्यावरच्या सगळ्या बिंदूंना मिळणारे आकडे जुळवून छातीचा आडवा छेद पडद्यावर उमटतो, सेकंदाला कित्येक वेळा, सतत. कुठला कोपरा भरतोय, कुठला उपाशी आहे, आणि कुठला आधीच भरलेला असल्यामुळे नवीन हवा घेतच नाही, ते कळतं. युरोपातल्या क्रेडल नावाच्या प्रकल्पाने बाळांसाठी कापडी पट्टा वापरून हे बाळांच्या खाटेपर्यंत आणलं. सोनोग्राफीने दर वेळी जाऊन विचारावं लागतं; हा पट्टा न विचारता सांगत राहतो. सध्या तो मुख्यतः संशोधनाच्या विभागांत आहे. तपकीर गल्लीतल्या कोणाच्या तरी हाताला एक दिवस हे काम लागावं असं मला फार वाटतं. जे लोक जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये पुन्हा जीव ओततात, त्यांना बारीक प्रवाह मोजणं परकं नाही.

पहाट होतेय. डॉक्टर प्रोब पुसून मशीन जागेवर नेतात, आणि वहीत नोंद करतात. आता १९८८ आठवा. महाराष्ट्राच्या त्या कायद्यामागोमाग १९९४ साली केंद्राचा कायदा आला, २००३ मध्ये तो कडक झाला, आणि २०१२च्या नियमांनी उचलून नेता येणाऱ्या सोनोग्राफी मशीनला जवळजवळ दावंच बांधलं: नोंदणी झालेल्या जागेतल्या दाखल रुग्णांसाठी वापरा, नाहीतर फिरत्या दवाखान्यात ठरवून दिलेल्या अटींवर. मशीन बाळाच्या छातीसाठी घेतलंय की हृदयासाठी, याला महत्त्व नाही; प्रोब बदलला की तेच मशीन आईच्या पोटावर चालतं, म्हणून नियम मशीनला आहे. दुसऱ्या रुग्णालयातलं बाळ अत्यवस्थ झालं तरी डॉक्टर हे मशीन रिक्षात घालून तिकडे नेऊ शकत नाहीत. नवजात तज्ज्ञ याबद्दल कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर रास्त आहे. पण दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांखालच्या मुली महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. हे आकडे पुढे ठेवून कायदा सैल करा असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. नवजात विभागासाठी फक्त उथळ बघणारा प्रोब कायमचा जोडलेलं, दुसरा लावताच न येणारं मशीन तयार करून त्याला वेगळी परवानगी देता येईल. ते काम कारखानदारांचं आणि आरोग्य खात्याचं; या डॉक्टरांच्या माथी ते का असावं?

तोवर नोंदणी म्हटली की पाटी आली. दर्शनी भागात, ठळक मराठीत. ती या विभागाच्या दारावरही आहे, जिथे येणारं प्रत्येक मूल आधीच जन्मलेलं असतं. साडेसहाला आजी येतात, पदर डोक्यावर, हातात स्टीलचा डबा. चष्मा सावरून पाटी वाचतात: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे.

"अहो सिस्टर, मुलगी झाली म्हणून परवा तुम्हीच सांगितलंत की."

"आजी, ती पाटी मशीनची आहे, तुमच्या नातीची नाही."

"मशीन कशाचं?"

"तिचं फुफ्फुस बघायचं. रात्री बघितलं. मागची बाजू मिटली होती, थोडी उघडलीये."

आजी थोडा वेळ काचेतून आत बघतात. "कण्हत नाही ना?"

"नळी आहे ना आजी, आवाज कसा येईल?"

"मग तुम्हाला कळतं कसं?"

सिस्टरांना दुसऱ्या पाळीकडे काम सोपवायचंय, पण त्या आजींना खिडकीशी नेतात आणि पडद्यावरचा साताचा आकडा बोटाने दाखवतात. "हा वाढवला-कमी केला की आत काय होतं ते मॅडम त्या मशीनवर बघतात. दुपारी पुन्हा बघणार, जमलं तर सहावर आणणार. तुम्ही खाली जाऊन सूनबाईंना सांगा, दूध काढून पाठवा म्हणावं. दर दोन तासांनी एक मिली सुरू करतोय."

"एकच?" आजी डबा सावरत विचारतात. "मी तर अळिवाची खीर आणलीये तिच्यासाठी."

"ती सूनबाईंना द्या. आणि चपला तिकडच्या बाजूला काढा हो उद्यापासून."